पंगस आणि देशी मागूरच्या खाद्यात फिशमीलऐवजी काय वापरावे, आणि कोणत्या क्रमाने

सांगलीतले खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, पलीकडे साताऱ्यातले माण आणि खटाव. या पट्ट्यात द्राक्ष-डाळिंबाच्या पाण्यासाठी प्लास्टिकचा कागद टाकून केलेल्या शेततळ्यात पंगस मासा सोडणारा शेतकरी भेटला की बोलणे खाद्याच्या खर्चावर येते. पुढचा प्रश्न ठरलेला: चिकन सेंटरवरचा वेस्ट फुकट मिळतोय, तळ्यात टाकला तर चालेल का? काहींनी विचारण्याआधीच टाकायला सुरुवात केलेली असते.

चालत नाही. फिशमीलला, म्हणजे वाळवलेल्या माशांच्या पिठाला, पर्यायी असे प्राणिज प्रथिन थेट पाण्यात जात नाही. ते आधी शिजते, वाळते, दळले जाते, हिशेबात बसते आणि मग गोळीतून माशाच्या पोटात जाते. यातली एक पायरी गाळली किंवा मागेपुढे केली, तर वाचवलेले पैसे पाणी बदलण्यात आणि मेलेले मासे काढण्यात जातात.

कच्चा वेस्ट टाकणाऱ्यांना सुरुवातीला काही बिघडलेले दिसत नाही. पंगस आणि मागूर पाण्यावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. रोहू-कटला मरून गेले असते अशा पाण्यातही ते तग धरतात. म्हणून शेतकऱ्याला वाटते, तळे ठीक आहे. तोवर तळाच्या कागदावर आतडी आणि चरबीचा थर कुजत असतो, अमोनिया वाढत असतो, माशांची वाढ थांबलेली असते. कागदाच्या तळ्यात तर हे सडके पदार्थ पचवायला खाली मातीही नसते. शिवाय त्याच तळ्यातून ठिबक चालते, तेव्हा चरबीचा तवंग आणि शेवाळ फिल्टरमध्ये अडकते आणि बागेचे पाणी बंद पडते.

## सुरुवात करण्याआधी: मासा कोणता आहे?

पंगस किंवा देशी मागूर असेल तरच पुढे वाचा. थाई मागूरवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे. तो खादाड आहे, नदीनाल्यात निसटला तर स्थानिक मासळी संपवतो. बीज विकणारा नुसते ‘मांगूर’ म्हणाला तर थांबा. बिलावर जातीचे नाव लिहून घ्या, नोंदणी असलेल्या बीज केंद्रातूनच घ्या. अंगावर संगमरवरासारखे काळे-करडे चट्टे असलेले, झपाट्याने वाढणारे बीज दाखवले तर घेऊ नका. ते तळ्यात सापडले तर कारवाईत सगळा माल नष्ट करावा लागतो.

आता गरज किती ते पाहा. बोटाएवढ्या पंगसला खाद्यात साधारण ३२ टक्के प्रथिने लागतात. १०० ग्रॅमच्या पुढे २८ ते ३० टक्के पुरतात आणि शेवटच्या टप्प्यात २६ टक्क्यांवरही तो वाढतो. देशी मागूरला जास्त हवे, लहान असताना ३५ टक्क्यांपर्यंत. हे आकडे संपूर्ण खाद्याचे आहेत, एका घटकाचे नाहीत. ‘काळ्या सैनिक माशीच्या अळीत ४२ टक्के प्रथिन आहे, म्हणजे नुसती अळी टाकली की झाले’ असे होत नाही. नुसत्या अळीतून चरबी फार जाते आणि काही आवश्यक अमिनो आम्ले कमी पडतात.

## पायरी १: पर्याय निवडा

आपल्या भागात हाताशी येण्यासारखे पर्याय चार-पाच आहेत. सगळे सारखे नाहीत.

काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, म्हणजे बीएसएफ. घरी वाढवता येतात. वाळवलेल्या, तेल न काढलेल्या अळीत प्रयोगशाळा साधारण ४० ते ४५ टक्के प्रथिन दाखवते आणि चरबी ३० टक्क्यांच्या आसपास असते. तेल काढले तर प्रथिन ५० टक्क्यांच्या पुढे जाते. नवीन माणसाने इथून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण माल कशावर वाढला हे तुम्हाला ठाऊक असते.

रेशमाचा प्युपा, म्हणजे कोषातला किडा. वाळलेल्या प्युपात ५० टक्क्यांच्या पुढे प्रथिन असते, चरबी पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त. इथे एक गैरसमज आहे. शेतकरी तुतीवाल्या शेजाऱ्याकडे प्युपा मागायला जातात. त्याच्याकडे तो नसतो. तो अख्खे कोष विकतो, प्युपा मागे राहतो तो धागा काढणाऱ्या रीलिंग युनिटवर. आपल्याकडचे बरेच कोष कर्नाटकात रामनगरच्या बाजारात जातात, त्यामुळे प्युपा हवा तर तिकडून किंवा जवळच्या रीलिंगवाल्याकडून मागवावा लागतो. वाहतूक धरूनच हिशेब करा.

पोल्ट्री मील. कारखान्यात उच्च तापमानावर शिजवून, चरबी काढून, दळून पोत्यात येते. प्रथिन ६० टक्क्यांच्या आसपास. विटा भागात पोल्ट्रीचा व्यवसाय मोठा असल्याने खाद्याच्या दुकानदारांना हा माल माहीत असतो. घेताना राखेचे प्रमाण विचारा. राख जास्त म्हणजे हाडे जास्त, आणि प्रथिनाच्या भावाने हाडे विकत घेण्यात अर्थ नाही.

चिकन सेंटरचे अवशेष घरी शिजवून. करता येते, पण मेहनत आणि जोखीम दोन्ही जास्त. पायरी ४ वाचल्याशिवाय ठरवू नका.

रक्ताची पावडर आणि पिसांची पावडर. रक्ताच्या पावडरीत प्रथिन ८० टक्क्यांच्या पुढे असते, पण आयसोल्युसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी. १०० किलो खाद्यात ५ किलोच्या वर जाऊ नका. पिसे घरी उकडून पचत नाहीत, त्याला दाबाखालची वाफ लागते. घरच्या घरी पिसांचा प्रयोग करूच नका.

गांडुळांचेही लोक विचारतात. गांडूळखतात जी लाल जात बहुतेक ठिकाणी वापरतात, आयसेनिया फेटिडा, तिच्या अंगातल्या द्रवामुळे मासे तिला नाक मुरडतात. उकळत्या पाण्यातून काढली तर फरक पडतो, पण एवढी गांडुळे जमवण्यापेक्षा खत विकणे परवडते.

> सावध: पोल्ट्रीच्या शेडमध्ये मेलेल्या कोंबड्या कोणत्याही पद्धतीने खाद्यात वापरू नका. त्या का मेल्या हे तुम्हाला माहीत नसते, आणि मरण्याआधी त्यांना कोणती औषधे दिली हेही नसते. त्या चुना टाकून खोल पुरायच्या.

## पायरी २: अळीला काय खायला घालायचे ते आधी ठरवा

बीएसएफ कशावरही वाढते, म्हणून लोक काहीही टाकतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अळी जे खाते त्यातले जड धातू तिच्या अंगात साठतात. ती पुढे माशात आणि मासा तुमच्या ताटात.

चालणाऱ्या गोष्टी: भाजी मंडईतला पालापाचोळा, सडकी फळे, हॉटेलातले शिल्लक अन्न (त्यातले प्लास्टिक, हाडे आणि जास्तीचे तेल काढून), डाळमिलचा चुरा, सोयाबीनची टरफले ओल्या कचऱ्यात मिसळून.

न चालणाऱ्या गोष्टी इथल्या शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्याव्यात, कारण त्या आपल्या दारातच पडलेल्या असतात. छाटणीनंतर किंवा विरळणीत निघालेले द्राक्षघड फवारणीचे असतात. कीटकनाशक उरलेले असेल तर अळ्या मरतात, आणि बोर्डो किंवा तांब्याची इतर बुरशीनाशके वापरलेली असतील तर तांबे अळीत जाते. बेदाण्याच्या शेडवरचा टाकाऊ मालही नको. त्याला डिपिंग ऑइल लागलेले असते आणि बऱ्याच मालाला गंधकाची धुरी दिलेली असते. साखर कारखान्याची प्रेसमड भरपूर मिळते, पण अळीसाठी ते निकृष्ट अन्न आहे. शेणखतावर किंवा कोंबडीखतावर अळी छान वाढते, तरीही माशाच्या खाद्यासाठी मी ते वापरू नये असेच सांगेन. तशी अळी वाढवायची तर खतासाठी वाढवा.

ओलावा मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पडतील इतकाच. पाणी निथळत असेल तर भाताचा किंवा गव्हाचा कोंडा मिसळा. तापमान २७ ते ३० अंश सर्वांत चांगले. माणच्या किंवा जतच्या थंडीत रात्री पारा खाली जातो तेव्हा अळी मंदावते, डबे शेडच्या आत घ्या आणि पोती झाका.

किती अळी लागेल याचा अंदाज आधीच घ्या, नाहीतर हौस महिनाभरात संपते. ताज्या अळीचे वाळल्यावर साधारण एक तृतीयांश वजन उरते. महिन्याला २७० किलो खाद्य लागत असेल आणि त्यात १५ टक्के अळी घालायची असेल, तर वाळलेली ४० किलो, म्हणजे ताजी १२० किलो. त्यासाठी ओला कचरा ६०० ते ८०० किलो. एवढा कचरा रोज आणणारा माणूस घरात आहे का? नसेल तर अळी विकत घ्या आणि कशावर वाढवली ते विचारा.

## पायरी ३: अळी काढणे, उपाशी ठेवणे, उकळणे, वाळवणे

क्रम हाच. तो बदलू नका.

१. अळ्या पांढुरक्या-पिवळसर असताना काढा, अंड्यातून निघाल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी. तपकिरी-काळ्या झाल्या की पाठीवरचे कवच जाड होते, त्यातले कायटिन (कवचाचा चिवट पदार्थ) वाढते आणि माशाला पचायला जड जाते. थोड्या काळ्या अळ्या पुढच्या माश्यांसाठी राखून ठेवा, बाकी पांढऱ्या असतानाच उचला.

२. चाळून वेगळ्या करा आणि कोरड्या कोंड्यावर एक दिवस उपाशी ठेवा. पोटातला कचरा बाहेर पडतो. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग दळल्यावर पिठाला कुजका वास का येतो म्हणून विचारतात.

३. स्वच्छ पाण्याने धुवा, जाळीच्या पिशवीत घालून उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे धरा. अळी लगेच मरते, वरचे जिवाणू कमी होतात आणि रंग काळा पडत नाही. जिवंत अळी उन्हात टाकून मारू नका. ती तासन्‌तास तडफडते, काळी पडते आणि तिची चरबी खवट होते.

४. पाणी निथळवून पातळ थरात वाळवा. उन्हाळ्यात शेडनेटखाली जाळीवर दोन-तीन दिवस लागतात. बेदाण्याचे रॅक मोकळे असतील तर उत्तम, पण त्यावर आधी धुरी दिलेली नाही याची खात्री करा. सोलर ड्रायर असेल तर ६० अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून फार वर नेलेली अळी करपते आणि तिच्यातले लायसिन हे अमिनो आम्ल बिघडते.

> तपासा: वाळलेली अळी दोन बोटांत दाबली की कुरकुरीत मोडली पाहिजे. वाकली किंवा चिकटली तर आणखी वाळवा. ओलावा १० टक्क्यांच्या आत आला नाही तर पुढची सगळी मेहनत बुरशीच्या घशात जाते.

तेल काढायचे का? अळीचे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असेल तर नाही काढले तरी चालते, फक्त वरून दुसरे तेल घालू नका. त्याहून जास्त अळी वापरायची असेल तर स्क्रू प्रेसवर तेल काढावे लागते. गावातल्या लाकडी घाण्यावर जाऊ नका. तिथे लोकांचे शेंगदाण्याचे आणि करडईचे तेल निघते. ही यंत्रे वेगळीच हवीत.

प्युपासाठीही उन्हात वाळवणे आणि दळणे हेच, पण एक गोष्ट जास्त महत्त्वाची. रीलिंगवरून येणारा प्युपा ओला असतो आणि काही तासांत सडायला लागतो. ओला आणू नका, वाळवलेलाच मागा. पोते उघडल्यावर खवट तेलाचा वास आला तर भाव कितीही कमी असो, परत करा. खवट चरबी खाद्यातले ई जीवनसत्त्व नष्ट करते आणि माशांचे यकृत बिघडवते.

## पायरी ४: चिकन सेंटरचे अवशेष वापरायचेच असतील तर

त्याच दिवशी, कापल्यापासून दोन-तीन तासांत आणलेला माल. रात्रभर पिंपात राहिलेला माल नाही. शिजवल्याने जिवाणू मरतात, सडताना तयार झालेली विषे मात्र बरीचशी तशीच राहतात.

पिसे, पाय आणि आतड्यातली घाण काढा. गळ्याजवळची अन्नाची पिशवी आणि गिझार्ड चिरून आतले धान्य धुऊन टाका. बारीक तुकडे करा. वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चुलीवर, उकळी फुटल्यावर पूर्ण एक तास शिजवा. वेळ उकळी फुटल्यापासून मोजायचा, चूल पेटवल्यापासून नाही. मोठे तुकडे मधून कच्चे राहतात, म्हणून आधी बारीक करायचे.

भांडे रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर जमलेली चरबी काढून टाका. हे केले नाही तर पुढे गोळी बांधत नाही आणि महिन्याभरात खवट होते. मग शिजलेला लगदा आणि तेलविरहित भाताचा कोंडा निम्मे-निम्मे मिसळून पातळ पसरा. नुसता लगदा वाळत नाही, वरून कडक होतो आणि आतून सडतो. कोंड्याबरोबर तो उन्हात दोन दिवसांत वाळतो.

या मालात प्रथिन किती हे अंदाजाने सांगता येत नाही, कारण रोजचा माल वेगळा. एक किलोचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय याचा हिशेब करू नका. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषण विभाग आहे. नमुना कुठे द्यायचा, कोणत्या चाचण्या सांगायच्या हे तिथे विचारता येईल. मागायच्या चाचण्या चार: ओलावा, प्रथिन, चरबी, राख.

> सावध: परिसरात बर्ड फ्लूची बातमी असेल त्या काळात चिकनचे अवशेष तळ्याच्या आवारातही आणू नका. आणि शिजवण्याआधीचा माल ज्या हातांनी, घमेल्यांनी, सुऱ्यांनी हाताळला ती साधने शिजलेल्या मालाला लावू नका. एक तास शिजवलेले एका घमेल्याने वाया जाते.

## पायरी ५: हिशेब

आधी एक खाचखळगा. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिन सांगते. अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नत्र असते आणि ते प्रथिन नसते. म्हणून अळीचा अहवाल खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. अहवालात ४२ असेल तर मी हिशेबात ३६ धरतो.

यामुळे निर्णय कसा फिरतो ते पाहा. समजा अळी किलोला ६० रुपये आणि चांगले फिशमील ९० रुपये, त्यात प्रथिन ५५ टक्के. (भाव फक्त उदाहरणापुरते.) फिशमीलमधले एक किलो प्रथिन १६४ रुपयांना पडते. अळीचे ४२ धरले तर १४३ रुपये, मोठी बचत. ३६ धरले तर १६७ रुपये, म्हणजे बचत नाहीच. भाव नेहमी प्रथिनाच्या किलोमागे काढा, पोत्यामागे नाही.

१०० किलो खाद्याचे एक चालणारे मिश्रण, १०० ग्रॅमच्या पुढच्या पंगससाठी:

- वाळवलेल्या अळीचे पीठ १५ किलो
- फिशमील किंवा सुकटीची कुटी ८ किलो
- सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) २८ किलो
- शेंगदाणा पेंड ८ किलो
- तेलविरहित भाताचा कोंडा २० किलो
- मक्याचे पीठ १० किलो
- गव्हाचे पीठ ९ किलो
- डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १ किलो
- जीवनसत्त्व-खनिज मिश्रण ८०० ग्रॅम
- मिथिओनिन (अमिनो आम्ल) २०० ग्रॅम

प्रथिन: अळी ५.४, फिशमील ४.४, सोया १२.९, पेंड ३.२, कोंडा ३, मका ०.९, गहू ०.९. बेरीज ३०.७ टक्के. शेवटच्या टप्प्यात सोया २० किलोवर आणून कोंडा २८ किलो केला तर २८ टक्क्यांच्या आसपास उतरते.

यात फिशमील पूर्ण का काढले नाही, असा प्रश्न येतोच. अळी आणि सोया दोन्हींत मिथिओनिन कमी असते, आणि फिशमीलच्या वासाने मासा गोळीकडे येतो. शून्यावर आणायची घाई करू नका. मिथिओनिन पोल्ट्रीच्या खाद्य-औषधांच्या दुकानात मिळते.

सोयाबीन घरचे आहे म्हणून कच्चे दळून घालणारेही आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारे घटक असतात. डीओसीच वापरा किंवा सोयाबीन नीट भाजून घ्या.

> तपासा: सुकटीची कुटी एका काचेच्या ग्लासात चमचाभर टाकून ढवळा. तळाशी वाळू बसली तर ते प्रथिन नाही, वाळू विकत घेतली आहे. जिभेला टोचेल इतकी खारट असेल तरी नको. शेंगदाणा पेंड आणि मका फोडून पाहा: हिरवट-काळी बुरशी दिसली तर पूर्ण पोते बाजूला. अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही.

## पायरी ६: दळणे, शिजवणे, गोळी

सगळे घटक वेगवेगळे पल्व्हरायझरवर बारीक दळा आणि चाळा. अळीचे पीठ तेलकट असल्याने जाळी बुजते, म्हणून ते थोड्या कोंड्याबरोबर दळा. जाडसर राहिलेले तुकडे गोळी फोडतात.

मका, गहू आणि कोंडा यांत ३० ते ३५ लिटर गरम पाणी घालून २० ते ३० मिनिटे वाफवा. पिठूळ घटक शिजल्यावर जो चिकटपणा येतो तोच गोळी धरून ठेवतो. मग अळी, फिशमील, सोया आणि पेंड मिसळा. मिश्रण हाताला कोमट लागेल इतके निवल्यावरच जीवनसत्त्वे आणि मिथिओनिन घाला. वाफवण्याआधी घातली की सी जीवनसत्त्व उडून जाते. पुढे माशाचा कणा वाकडा होतो आणि शेतकरी बीजाला दोष देतो. २०० ग्रॅम मिथिओनिन १०० किलोत नीट मिसळायचे असेल तर आधी ते दोन किलो कोरड्या कोंड्यात मिसळा, मग तो कोंडा सगळीकडे.

शेवयाचे मशीन किंवा पेलेट मशीन दोन्ही चालते. लहान माशांना १ ते २ मिलिमीटर, १०० ग्रॅमच्या पुढे ३ ते ४ मिलिमीटर. ही गोळी बुडते. तरंगती गोळी एक्स्ट्रुडरशिवाय होत नाही, सोडा किंवा यीस्ट घालून ती तरंगवण्याच्या नादी लागू नका.

शेडनेटखाली वाळवा, कडक उन्हात नाही. मग हवाबंद पोत्यात, फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. महिन्यात संपेल एवढेच करा. पाटण, जावळीकडे पावसाळ्यात ड्रायर नसेल तर जून ते सप्टेंबर घरचे खाद्य बनवू नये, विकतचे घ्यावे. तिथल्या हवेत ते वाळतच नाही.

> तपासा: दहा गोळ्या पाण्याच्या ग्लासात टाका. १५ मिनिटांनी आकार टिकला पाहिजे. त्याआधी विरघळल्या तर गव्हाचे पीठ दोन किलोने वाढवा आणि वाफवण्याचा वेळ पुन्हा पाहा.

## पायरी ७: माशांना सवय

एका दिवसात खाद्य बदलू नका. पहिला आठवडा जुन्या खाद्यात पाव हिस्सा नवे, दुसरा आठवडा निम्मे, तिसऱ्यात पाऊण हिस्सा, मग पूर्ण. शक्य असेल तर आधी तळ्यात दोन हापे (जाळीचे पिंजरे) लावा, दोन्हीत सारख्या वजनाचे सारखे मासे, एकात जुने आणि एकात नवे खाद्य, महिनाभर. एवढा धीर धरणारे थोडे असतात, पण ज्यांनी धरला त्यांचे तळे वाचते.

मात्रा वजनावर ठरते. २,००० मासे, सरासरी १५० ग्रॅम, म्हणजे ३०० किलो. तीन टक्क्यांनी रोज ९ किलो, सकाळी ऊन वर आल्यावर आणि दुपारी चारच्या सुमारास निम्मे-निम्मे. मासा ५०० ग्रॅमचा झाला की दोन टक्क्यांवर या. डिसेंबर-जानेवारीत पाणी २२ अंशांच्या खाली गेले तर निम्मे करा, २० च्या खाली बंदच. भूक नसलेल्या माशापुढे टाकलेले सगळे कागदावर कुजते.

बुडणारी गोळी उधळून टाकू नका. तळापासून वीतभर वर टांगलेल्या चेक ट्रेमध्ये थोडी ठेवा आणि अर्ध्या तासाने उचलून पाहा. शिल्लक असेल तर त्या वेळची मात्रा कमी करा.

> सावध: अमोनियाचे किट घरात ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी तपासा. पाण्याला वास, फेस किंवा तवंग आला तर खाद्य दोन दिवस बंद, तळातले पाणी काढून ताजे भरा. मासे वर येऊन हवा घेत आहेत म्हणजे मजेत आहेत असे समजू नका.

## पायरी ८: वजन करा, मग परवडले का ते बोला

दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्याने ३० ते ४० मासे काढा, वजन करा, सोडा. दिलेले एकूण खाद्य भागिले वाढलेले एकूण वजन, हा एफसीआर. घरच्या बुडणाऱ्या खाद्याचा तो कारखान्याच्या तरंगत्या खाद्यापेक्षा सहसा जास्त येतो, म्हणून नुसता किलोचा भाव लावून चालत नाही. समजा कारखान्याचे ५० रुपये किलो आणि एफसीआर १.५, तर किलोभर मासा वाढवायला ७५ रुपये. घरचे ४० रुपये किलो आणि एफसीआर २, तर ८० रुपये. दहा रुपयांनी स्वस्त खाद्य इथे पाच रुपयांनी महाग पडले, आणि यात तुमची आणि घरच्यांची मजुरी धरलेलीच नाही. ती धरा. अळ्या चाळणे आणि गोळ्या वाळवणे हे काम घरात बहुतेक बायकांवर येते आणि हिशेबात त्याची ओळच नसते.

एफसीआर २.२ च्या वर जात असेल तर अळीचे प्रमाण वाढवण्याआधी गोळी पाण्यात विरघळते का, दळण जाडसर राहिले का आणि मात्रा जास्त होते का हे तपासा. दोष बहुधा तिथेच सापडतो. सलग दोन महिने वाढ चांगली राहिली तर फिशमील ८ वरून ५ किलोवर आणा, अळी ३ किलोने वाढवा; ती १५ किलोच्या वर जात असल्याने आता तेल काढलेली घ्या. एका वेळी एकच बदल.

## पायरी ९: विक्रीआधी

रेशमाच्या प्युपाचा वास मांसात उतरतो. प्युपा वापरत असाल तर विक्रीच्या आधी तीन ते चार आठवडे तो पूर्ण बंद करा आणि त्या जागी सोया व फिशमील वाढवा. एक मासा घरी मीठ-हळद लावून उकडून खाऊन पाहा. मिरज किंवा कऱ्हाडच्या बाजारात ‘वासाचा पंगस’ असे एकदा नाव पडले की पुढच्या वर्षी व्यापारी फोन उचलत नाही.

काढणीच्या आधी एक दिवस खाद्य बंद. पोट रिकामे असले की वाहतुकीत पाणी घाण होत नाही आणि मासा जिवंत पोचतो. उरलेले घरचे खाद्य पुढच्या हंगामासाठी ठेवू नका. तळे रिकामे झाले की कागदावरचा गाळ खरवडून काढा, पाण्याने धुवा, उन्हात तापू द्या. तो गाळ ठिबकच्या पाइपात नको, बागेच्या ओळीत पसरा.